कवितेच्या कट्ट्यावर पहिल्यांदा येताय? आधी हे वाचा (सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न, नाशिक)

दर महिन्याला वाचनाचा मेसेज टाकला की अर्ध्या तासात तेच ते प्रश्न सुरू होतात, कुठे आहे, किती वाजता, मी पण वाचू का, फी किती, आणि मग रात्री अकराला कुणीतरी विचारतं की ताई उद्याच आहे ना. उद्या नसतं. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतेय, यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

हा कट्टा म्हणजे नक्की काय, संस्था आहे का?

नाही हो. रजिस्टर केलेलं मंडळ नाही, अध्यक्ष नाही, शाल-नारळ नाही, मागे लावायला बॅनरसुद्धा नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला वीस-पंचवीस माणसं एका हॉलमध्ये बसतात आणि एकमेकांना कविता ऐकवतात, बास. हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही, पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळवाले पण रविवारीच जमून एकमेकांच्या कविता ऐकायचे. त्यांचं नाव झालं, आमचं अजून नावच ठेवलेलं नाही. दोनदा नाव ठरवायला मीटिंग घेतली, दोन्हीवेळा भांडणं झाली.

कुठे असतं?

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, आमच्यातल्याच एका सरांच्या क्लासचा हॉल आहे, पहिल्या मजल्यावर. नक्की पत्ता ग्रुपवर मिळेल. रविवारी दुपारपर्यंत तिथे बारावीची बॅच असते त्यामुळे फळ्यावर बऱ्याचदा बेन्झीनची षटकोनं तशीच असतात, ती पुसायची नाहीत, सरांनी बजावून सांगितलंय कारण सोमवारी तिथूनच पुढे शिकवायचं असतं. पहिल्यांदा आलेल्या एकाला वाटलं हे आमचं चिन्ह आहे.

आधी आम्ही एका कॅफेत बसायचो. तिथे माणशी किमान दोनशेची ऑर्डर द्यावी लागायची आणि नेमकी कुणाची तरी हळवी ओळ आली की मिक्सर सुरू व्हायचा. तीन महिन्यात सोडलं.

मला कविता लिहिता येत नाही, नुसतं ऐकायला आलं तर चालेल का?

चालेल काय, पळत या. खरं सांगू का, लिहिणारे आमच्याकडे भरपूर आहेत, ऐकणाऱ्यांची टंचाई आहे. आमच्यातले एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले, चार वर्षांत त्यांनी एकही कविता वाचलेली नाही, लिहीत पण नाहीत. पण ते ज्या रविवारी येत नाहीत त्या दिवशी सगळे जरा मरगळल्यासारखे वाचतात. ते मान खाली घालून ऐकतात आणि ओळ आवडली की फक्त चष्मा काढतात. आता लोक त्यांच्या चष्म्याकडे बघूनच वाचतात.

मग वाचायचं असेल तर काय करायचं?

आल्यावर दारापाशी वही ठेवलेली असते त्यात नाव लिहायचं. पहिले पंधरा वाचणार. एकाला चार मिनिटं, त्यात एक वाचा नाहीतर तीन वाचा. फोनवर नाव घेत नाही, 'माझं नाव आधीच लिहून ठेवा ना' असा मेसेज कृपया करू नका, मी सगळ्यांना नाही म्हणते, माझ्या सख्ख्या मावशीला पण म्हटलंय.

आणि एक नियम आहे जो मोडला तर मला खरंच राग येतो. वाचणाऱ्याने शेवटपर्यंत थांबायचं. स्वतःची कविता वाचली, टाळ्या घेतल्या, मग फोन कानाला लावून 'हो हो निघालोच' करत जिना उतरायचा, असं दोनदा केलं तर तिसऱ्या वेळी वहीत नाव घेत नाही. अपवाद एकच, ज्यांची सेकंड शिफ्ट किंवा नाइट आहे ते. सातपूर-अंबडकडचे आमचे दोन-तीन जण आहेत, ते वहीत नावापुढे शिफ्ट लिहितात, त्यांना आधी वाचायला देतो आणि ते गेले तर कुणी काही म्हणत नाही.

हा नियम का आला ते पण सांगते. सुरुवातीच्या वर्षी एका रविवारी शेवटचा नंबर एका कॉलेजच्या मुलीचा होता, पहिलीच वेळ, कागद हातात थरथरत होता, आणि तिचा नंबर येईपर्यंत हॉलमध्ये उरले होते चारजण, त्यातला एक सतरंजी गुंडाळायला थांबलेला. ती वाचून गेली ती परत आली नाही. आम्हाला तिचं नाव पण नीट आठवत नाही, वही हरवली.

कवितेआधी प्रस्तावना केली तर चालेल का?

दोन वाक्यं. 'ही कविता मला अमुक ठिकाणी सुचली, तेव्हा माझी मनःस्थिती अशी होती, त्यात सागर म्हणजे मन आणि नाव म्हणजे जीवन' हे सांगितलंत तर मग आम्ही कविता कशाला ऐकायची? आणि 'पुढची छोटीशीच आहे' हे वाक्य बॅन आहे. ते म्हटल्यावर पाच पानं निघतात, अनुभव आहे.

पाठ असली पाहिजे का?

नाही. पण मोबाईलवरून वाचणार असाल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका. एकदा विरहाच्या कवितेत मध्येच गॅस बुकिंगचा कॉल आला होता.

गाऊन म्हटली तर?

जरूर. काहीजणांना वाटतं गाणं म्हणजे कवितेपेक्षा खालचं, मला हे कधीच कळलं नाही. वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, त्यांची गाणी गावोगावच्या माणसांना तोंडपाठ आहेत आणि ती कागदावरून नाही, कानावरून पाठ झालीत. फक्त कराओके ट्रॅक आणू नका. पेटी आणली तर स्वतः उचलून पहिल्या मजल्यावर आणायची, लिफ्ट नाही.

अहिराणीत वाचू का? हिंदी, उर्दू, इंग्रजी?

अहिराणी बिनधास्त. मालेगाव-सटाणा-कळवण बाजूचे लोक आले की आधी लाजतात, मराठीत भाषांतर करून वाचू का विचारतात, अजिबात नको. पहिल्यांदा बोलीतच वाचा, कुणाला एखादा शब्द अडला तर नंतर विचारतील. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी त्यांच्या मुलाने आणि घरातल्यांनी उतरवून ठेवली म्हणून त्या गेल्यानंतर १९५२ साली पुस्तक तरी निघालं. तेव्हा त्या बोलीला कुणी 'शुद्ध करून' छापलं असतं तर काय हाती लागलं असतं सांगा. हिंदी-उर्दू पण चालतं, वर्षातनं चार-पाच जण वाचतात. इंग्रजीला मनाई नाही पण आजवर फक्त एकाने वाचलीय आणि नंतर त्यानेच सांगितलं की पुढच्या वेळी मराठीत आणतो.

टोपणनावाने वाचलं तर चालेल?

चालेल, वहीत तेच लिहा. आपल्या गावात तर हे सांगायला नको, शिरवाडकरांनी कुसुम या धाकट्या बहिणीचा मोठा भाऊ म्हणून कुसुमाग्रज नाव घेतलं आणि आज निम्म्या लोकांना खरं नाव आठवावं लागतं. आमच्याकडे एकजण सरकारी नोकरीत आहेत, ऑफिसवर कविता करतात, त्यांचं खरं नाव मला माहितीये पण मी सांगणार नाही.

मुलांना आणू का?

दहा वर्षांवरची आणा, कंटाळली तर मागे कॅरम आहे. आणि मुलांनी वाचायचं म्हटलं तर 'लहान आहे म्हणून टाळ्या वाजवा' असं निवेदन आम्ही करत नाही. जळगावला १९०७ साली कविसंमेलन झालं तिथे सोळा-सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांच्या पोराची कविता ऐकून थोरामोठ्यांनी त्याला बालकवी म्हटलं, ते काही कौतुक म्हणून नव्हतं, कविता ऐकून म्हटलं होतं.

माझी कविता चांगली आहे की नाही हे तिथे कुणी सांगेल का?

सगळ्यांसमोर नाही. वाचनाच्या वेळी फक्त ऐकायचं, दाद द्यायची तर द्या, 'क्या बात है' हळू म्हणा, पुढची ओळ ऐकू येत नाही.

पण सात वाजता चहा झाला की ज्यांना हवंय ते मागच्या बाजूला गोल करून बसतात, त्याला आम्ही सहाण म्हणतो. इथे यायचं तर कवितेच्या सहा झेरॉक्स आणायच्या आणि आपण स्वतः गप्प बसायचं, दुसरा कुणीतरी तुमची कविता मोठ्याने वाचतो. हे फार विचित्र वाटतं. जिथे तो अडखळतो तिथे बहुतेक वेळा कवितेतच खड्डा असतो. 'छान आहे' म्हणायची परवानगी नाही, कुठली ओळ आणि का ते सांगायचं.

एक उदाहरण देते, विचारूनच देतेय. लासलगावकडचे एक दादा येतात, घरी कांदा आहे. त्यांनी ही कविता आणली होती (चाळ म्हणजे कांदा साठवायची):

चाळीत कांदा सडला की
आजी आधी वास घेते
मग भाव विचारते
अशी ही बळीराजाची व्यथा.

चौथ्या ओळीवर पाऊण तास चर्चा झाली. एका मॅडमचं म्हणणं ती ओळ काढा, आजीने सगळं सांगून झालंय. दादा म्हणाले शेवट नको का करायला, लोकांना कळणार कसं. मग सरांनी चौथी ओळ हाताने झाकून परत वाचायला लावली, तिसऱ्या ओळीनंतर सगळे गप्पच बसले, कुणी काही बोलेना. दादांनी पेन काढलं, ओळ खोडली आणि म्हणाले, ही ओळ मी व्हॉट्सअ‍ॅपवरनं उचलली होती तसंही. आता ती तीन ओळींची कविता आहे आणि दिंडोरीपर्यंत लोक ती म्हणतात.

सहाणेवर रडू आलं तर येऊ द्या, बाथरूम जिन्याच्या डाव्या हाताला आहे.

वृत्तात लिहिलं पाहिजे का? मुक्तछंद चालतो का?

दोन्ही चालतं. पण वृत्त म्हणत असाल तर मोजून आणा. सगळ्यात जास्त घोळ गझलेत होतो, दोन-दोन ओळींची यमकं जुळवली की लोक खाली 'गझल' लिहून मोकळे. तसं नसतं. माझ्याच एका अर्धवट गझलेचा मतला, म्हणजे पहिल्या दोन ओळी देते, हसू नका:

तुझ्या अंगणी ऊन आले कशाला
जुने दार माझे निघाले कशाला

यात 'कशाला' हा रदीफ, तो जसाच्या तसा परत यायला हवा. त्याच्या आधीचे 'आले', 'निघाले' हे काफिये, यमकाचे शब्द, म्हणजे पुढच्या शेरांत (दोन ओळींचा एक शेर) 'झाले', 'म्हणाले' येऊ शकतं, पण 'गेले' नाही, कारण 'ले'च्या आधीचा 'आ' सुटतो, त्या स्वराला अलामत म्हणतात. आणि वृत्त भुजंगप्रयात, लघु गुरू गुरू असं चारदा, बोटांवर मोजून बघा. प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे, नाहीतर ती गझलेच्या कपड्यातली कविता. सुरेश भटांनी नव्या लोकांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली होती, ती छोटीशीच पुस्तिका आहे, मिळवून वाचा, मला विचारण्यापेक्षा ते बरं. (माझी गझल दोन वर्षं तिथेच अडकलीय. दार निघाले म्हणजे बिजागरीतून निघाले का, असं एकाने विचारलं आणि मग पुढे सुचेचना.)

अभंगाचा हिशोब सोपा आहे, मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा सहा अक्षरं आणि चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. अक्षरं मोजायची, मात्रा नाही. नवीन लोकांनी इथून सुरुवात करावी असं माझं मत आहे, सगळ्यांना पटत नाही.

ग्रुपवर कविता टाकायचे नियम काय?

दिवसाला एक, माणशी. सकाळच्या सूर्यफुलाच्या फोटोवर लिहिलेली नको. टाईप करून टाका, आणि युनिकोडमध्ये टाका, कारण जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधली फाईल उघडली की आम्हाला नुसते कंस आणि टिंबं दिसतात, कुणाचं दुःख आहे तेच कळत नाही. हाताने लिहिलेल्या पानाचा सरळ धरलेला फोटो चालेल, आमचे सत्तरीतले दोघं तसंच पाठवतात आणि त्यांचं अक्षर बघूनच बरं वाटतं.

दुसऱ्याची कविता टाकली तर कवीचं नाव पाहिजेच, आणि खात्री असलेलं. 'कवी अज्ञात' लिहून ढकललेल्या निम्म्या कविता कुणा ना कुणा जिवंत माणसाच्या असतात. उरलेल्या कुसुमाग्रजांच्या किंवा पुलंच्या नावावर फिरतात, ज्या त्यांनी स्वप्नातसुद्धा लिहिल्या नसत्या. शंका असेल तर पुस्तक बघा. गावात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, तिथे जाऊन कपाट उघडायला काय जातं.

दुसऱ्या कवीची कविता कट्ट्यावर वाचली तर कॉपीराइटची भानगड होते का?

पंचवीस जणांत नाव सांगून वाचली तर भानगड होत नाही. पण पूर्ण कविता यूट्यूबवर टाकणं, किंवा पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून अख्खा संग्रह ग्रुपवर ओतणं, हे वेगळं. आपल्याकडे कवी गेल्यानंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. म्हणजे केशवसुत (१९०५ ला गेले), बालकवी (१९१८) मोकळे झालेत. कुसुमाग्रज १९९९ ला गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत हक्क आहेत. जुने आहेत म्हणजे फुकट आहेत असं नसतं.

माझी कविता कुणी चोरली तर?

झालंय असं. आमच्यातल्या एका ताईची कविता कुणीतरी ग्रुपवरून उचलून एका स्पर्धेत स्वतःच्या नावाने पाठवली आणि त्या कवितेला बक्षीस पण लागलं. ताईंनी फोन केला तर आयोजक म्हणाले तुमच्याकडे पुरावा काय. नशीब सहाणेच्या झेरॉक्सवर तारीख घातलेली होती आणि सहाजणांकडे कॉप्या होत्या. बक्षीस काढून घेतलं, ताईंना काही मिळालं नाही, माफीपण नाही. तेव्हापासून सांगते की ग्रुपवर टाकायच्या आधी स्वतःला ईमेल करून ठेवा आणि कागदावर तारीख घाला.

एआयने लिहिलेली कविता वाचू का?

नको. आणि कळतं हो. शेवटच्या कडव्यात आशेचा किरण उगवतोच उगवतो.

फी किती?

चहा-बिस्किटाचे तीस रुपये, पत्र्याच्या डब्यात टाकायचे. विद्यार्थ्यांना नाही. डब्यात वर्षअखेर जे उरतं त्याचे कवितासंग्रह विकत घेतो, ते कपाटात आहेत, घरी न्या पण आणून द्या. विंदांचा एक संग्रह आठ महिने गायब आहे. ज्याच्याकडे आहे त्याला माहितीये.

पुढचे कार्यक्रम कधी आहेत?

दुसरा रविवार तर आहेच. त्याशिवाय:

२७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आणि मराठी भाषा गौरव दिन, त्या संध्याकाळी जमतो, वार कुठलाही असो. त्या दिवशी स्वतःची कविता वाचायची नाही. दुसऱ्या कुणाची तरी, आवडलेली, शक्यतो पाठ केलेली. दरवर्षी कुणीतरी 'माझी एक समर्पित आहे' म्हणतंच, दरवर्षी नाहीच म्हणतो. आमचे द्राक्षवाले लोक या दिवसांत येत नाहीत, माल तोडणीला आलेला असतो, ते फोनवरून एखादी ऐकवतात, मागे ट्रॅक्टरचा आवाज.

२१ मार्च हा युनेस्कोने १९९९ मध्ये ठरवलेला जागतिक कविता दिन, तेव्हा भाषांतरं वाचतो. मूळ भाषा येणारं कुणी असेल तर दोन ओळी मूळ भाषेतल्या आधी. मागच्या वेळी कन्नड आणि सिंधी ऐकायला मिळालं, अर्थ नंतर कळला, आधी नुसता आवाज, मजा आली.

मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, अर्धा कट्टा तिकडे, म्हणून आमचं वाचन त्या महिन्यात सकाळी सातला, गोदापार्कला, टोपी घालून या.

आषाढात पावसाच्या कविता नकोत असा ठराव झालाय. एका रविवारी एकोणीस पावसाच्या कविता ऐकल्या होत्या आणि बाहेर ऊन होतं.

कोजागिरीला गच्चीवर. मसाला दुधाची वर्गणी वेगळी, वही नाही, वेळेचं बंधन नाही, त्यामुळे तेव्हा थांबायचा नियम पण नाही, पण तेव्हा कुणी जातच नाही.

बाहेरगावी आहे, ऑनलाइन ऐकता येईल का?

ऐकता येईल, वाचता येणार नाही. एक फोन स्टूलवर ठेवून व्हिडिओ कॉल लावतो. आपल्या पंचवटीतलीच एक ताई न्यू जर्सीला असते, तिच्याकडे तेव्हा सकाळ असते, ती डबे भरता भरता ऐकते. तिला वाचायचं असतं, पण एकदा परवानगी दिली की सगळे घरूनच वाचतील, म्हणून ती कविता पाठवते आणि तिची बालमैत्रीण वाचते. तिचे आक्षेप नंतर व्हॉइस नोटवर येतात, कुठे थांबायला हवं होतं वगैरे, चांगले असतात.

गाडी कुठे लावायची?

टू-व्हीलर बिल्डिंगखाली, गेटसमोर नको, खालचे आजोबा चिडतात आणि त्यांचं बरोबर आहे. फोर-व्हीलर मुख्य रोडला लावून चालत या. चपला जिन्यात काढा, रांगेत. गेल्या महिन्यात अदलाबदल झालीय, एक डाव्या पायाची कोल्हापुरी, तपकिरी, साधारण नऊ नंबर, माझ्याकडे पडून आहे, ज्याची असेल त्याने उजवी घेऊन यावं आणि न्यावी.